सुर्ल्याहून आलेली कॅसेट

कॅसेट तुटायची होती ती तुटलीच. पण तुटण्याआधी एकदा पुरती वाजून गेली, एवढं चंद्रावतीचं नशीब. सून गौरवीने टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली होती, आणि पंचेचाळीस मिनिटांचा तो आवाज आत उतरून घेतला होता. मग गुंडाळताना फीत चाकात अडकली आणि दाताने तोडल्यासारखी दोन ठिकाणी तुटली. आता वत्सलेचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता: तुयेच्या या घरात, जनेलाशेजारच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, मेजावर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पांढऱ्या पेटीत.

वत्सला म्हणजे चंद्रावतीची धाकटी बहीण. माहेर नार्व्याचं. थोरली दिली पेडण्याकडे तुयेला, धाकटी डिचोलीतच, खाणींच्या सुर्ल्याला. दर पौषात दोघी नार्व्याला यायच्या, धालोंसाठी, बायकांच्या त्या नाच-गाण्यांसाठी. मांडावर, म्हणजे धालोंसाठी राखलेल्या अंगणात, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात घालून. एक रांग ओळ म्हणत पुढे येते, मागे सरते, मग दुसरी रांग ओळ घेते. वत्सला एका रांगेच्या टोकाला, चंद्रावती समोरच्या रांगेच्या टोकाला. लहानपणापासून असंच. बहिणी असून एका रांगेत त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत, कारण वत्सलेला उत्तर द्यायला थोरलीच लागे.

मग गोव्याची भाषा मराठी की कोकणी, या वादाची ती वर्षं आली. चंद्रावतीचा नवरा सगुण शाळामास्तर, मराठीच्या बाजूचा. वत्सलेचा नवरा गुरुदास कोकणीच्या बाजूचा. दोघे एका बारशाला पंगतीत शेजारी बसले आणि सोलकढी येईपर्यंत शब्दाला शब्द लागून पानावरून उठले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, भाषेचा कायदा झाला, पुढारी एकमेकांच्या घरी जेवूही लागले. पण हे दोन साडू काही बोलले नाहीत. आणि नवरे बोलत नाहीत म्हटल्यावर बायकांनी एकमेकींकडे, की नार्व्याला धालोंनाही, जायचं कसं? धालोंच्या गीतांत कोकणी किती आणि मराठी किती, हे मात्र दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

अठ्ठ्याऐंशीच्या पौषात वत्सलेने ही कॅसेट कोणाच्या तरी हाती पाठवली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सुर्ल्याचं तिचं घर खाणीच्या रस्त्याला लागून, त्यामुळे टेपवर सगळा ट्रकांचा घरघराट. त्यातून वत्सलेची ओळ वर यायची, मग मध्ये नुसते ट्रक, मग पुन्हा तिची ओळ. चंद्रावतीने मनाशी धरलं होतं की मधल्या जागी सुर्ल्याच्या बायका उत्तर देतात, आणि त्यांचा आवाज ट्रकांखाली बुडतो. तीन वर्षांनी वत्सला वारली. चंद्रावती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तिने एकच गोष्ट उराशी धरून ठेवली: निदान तिला तिथे मांड मिळाला होता. निदान कोणीतरी समोर उभं राहत होतं. कोण होत्या त्या बायका, त्यांचे आवाज एकदा ऐकायचे होते.

म्हणून तर गौरवी कामाला लागली होती. ती तुयेच्या औद्योगिक वसाहतीत सर्किट बोर्ड तपासायच्या कामावर. नवरा, म्हणजे चंद्रावतीचा सुदेश, मस्कतला. घरचा कॉम्प्युटर तिनेच सुटे भाग आणून जोडलेला. तिच्याकडे आवाज गाळायचा एक प्रोग्रॅम होता. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात नुसते ट्रकच होते. तेवढा आवाज प्रोग्रॅमला दाखवायचा, मग तो बाकीच्या टेपमधून तसला आवाज निपटून काढतो. पण काम सुरू केल्यावर पडद्यावर आकडा आला: अकरा तास.

सकाळी सातला सुरू केलं तर संध्याकाळी सहा. आणि दोन हजार सालच्या त्या हिवाळ्यात वीज जायची रोज दुपारी चारला, नेमाने. रात्री करावं, तर सकाळी सातपर्यंत विजेचा दाब एवढा उतरलेला असायचा की बल्ब विडीसारखा दिसे. दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा चारला सगळं अंधारात गेलं, आणि अर्धवट काम हा प्रोग्रॅम ठेवत नसे.

"तुकडे करू या आई," गौरवी म्हणाली. "अर्धं आज, अर्धं उद्या."

"धालोंची साखळी तोडत नाहीत गो," चंद्रावती म्हणाली. "एक गीत संपायच्या आत त्यातूनच दुसरं काढायचं. मध्ये सोडलं तर मांड रुसतो. तिने एका दमात म्हटलंय. तू सुरी चालवू नकोस."

"मग यंत्रालाच जोरात पळवायला हवं."

सगुणमास्तर कादेरीवर, त्यांच्या जुन्या लाकडी खुर्चीवर, पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पळवतात? याला काय चाबूक असतो?"

"मदरबोर्डात असतो, बाबा."

तिने कॉम्प्युटर चालू करताना एक बटण दाबून धरलं आणि निळा पडदा आला, नुसती अक्षरं. चंद्रावती जवळ जाऊन बसली. गौरवीने तिला कळेल असं सांगितलं. मदरबोर्ड म्हणजे घुमटवाला, मातीचं घुमट वाजवणारा. तो ठेका देतो. त्याच्या एका थापेत प्रोसेसर साडेचार पावलं टाकतो. ती साडेचार कंपनीने पक्की केलेली, ती बदलत नाहीत. पण थापा बदलता येतात. आता सहासष्टची थाप आहे, म्हणून हा तीनशेने चालतो. शंभरची दिली की साडेचारशेने चालेल. सात तास वीस मिनिटांत काम. अडीचच्या आत.

"आणि फुटला तर?"

"तापला तर बिघडेल. म्हणून आधी त्याचा पंखा साफ करायचा, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावायची, शेजारी दुसरा पंखा बसवायचा. पौषातली हवा थंड आहे, हेच दिवस बरे. साठ अंशांवर गेला तर मी बंद करणार. आणि व्होल्टेजला मी हात लावणार नाही. ते वाढवून पळवतात लोक, पण ते आजाऱ्याला दारू पाजून उभं केल्यासारखं."

"एकदम शंभर?" चंद्रावतीने विचारलं. "मध्ये काय नाही?"

"त्र्याऐंशी आहे. पण ते नको."

"त्र्याऐंशीने कधी संपेल?"

गौरवीने हिशेब केला. "चारला बारा मिनिटं कमी असताना."

"मग पुरे झालं की! मधली वाट बरी, बाय. कशाला उंच उडी?"

"ही आमची बाजारात भोपळासुद्धा मधलाच उचलते," मास्तर म्हणाले. "तीन स्थळं आली होती तिला. मधला मी."

"आणि बघ काय पदरात पडलं," चंद्रावती म्हणाली.

गौरवी हसली, पण तिने पुन्हा सांगून पाहिलं. इथे मधलंच वाईट, आई. ज्या डिस्कवर मावशीचा आवाज आहे, तिलाही हाच घुमटवाला ठेका देतो, पण कमी करून. सहासष्टला अर्धा देतो, शंभरला तिसरा हिस्सा. दोन्ही वेळा डिस्कच्या वाट्याला येतात तेहतीस, तिला सोसतात तेवढे. पण त्र्याऐंशीला अजून अर्धाच देतो, म्हणजे एक्केचाळीस. प्रोसेसरला काही होणार नाही, डिस्क अडखळेल. शिवाय काही करायच्या आधी म्हापशाला दुकानात डिस्क नेऊन आवाजाची सीडी करून घ्यायला हवी.

हे शेवटचं ऐकून चंद्रावती उठून उभीच राहिली. "घराबाहेर न्यायचं नाही. तिला एकदा बाहेर दिली ती परत आली नाही."

सासूचं मन राखायला म्हणून, आणि लोक त्र्याऐंशीवर चालवतातही हे ऐकलेलं होतं म्हणून, गौरवीने, प्रत काढल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आपल्या कामाचा पहिला नियम मोडला. पंखे बसवून झाल्यावर रविवारी सकाळी तिने त्र्याऐंशी निवडलं.

मशीन चालू झालं. झटकन झालं. चंद्रावतीने "बघ!" असं म्हटलंसुद्धा. मग डिस्कमधून कर्र, कर्र असा आवाज आला, कुत्र्याने हाड चघळावं तसा, आणि पडद्यावर एकामागून एक तक्रारी येऊ लागल्या. गौरवीने वत्सलेची फाइल उघडायला घेतली. उघडली नाही. पुन्हा घेतली. अशी फाइलच नाही, म्हणालं.

गौरवीने वायर ओढूनच मशीन बंद केलं.

चंद्रावती मागच्या पायरीवर जाऊन बसली. समोर काजूच्या कलमांना मोहोर आला होता, तो बघत राहिली की नाही कोण जाणे. तिच्या डोक्यात एकच: मीच. गुरुदासने नाही, ह्यांनी नाही, सुर्ल्याच्या ट्रकांनीही नाही. मीच मधलं मधलं करत बसले. तेव्हाही तेच केलं होतं. नवऱ्याच्या शब्दाबाहेर नको आणि बहिणीला दुखवायला नको, म्हणून गप्प राहिले, पाच वर्षं. बसमध्ये बसून एकदा गेले असते तर कोणी पाय तोडले नसते.

आत गौरवीने थाप परत सहासष्टवर आणली आणि डिस्क तपासायला लावली. एक वाजता तिने हाक मारली. "आई! आहे! मावशी आहे!"

फाइल सापडली होती, अख्खी. सुदेशने पाठवलेले मस्कतचे दोन फोटो मात्र कायमचे गेले होते.

"जाऊ देत," सुदेशची आई म्हणाली. "तो अजून आहे. पुन्हा काढील." मग पदराने चेहरा पुसून विचारलं, "म्हापशाचं ते दुकान कधी उघडतं?"

सोमवारी गौरवीने अर्धी रजा टाकली. चंद्रावतीने आपलं एक मऊ सुती लुगडं फाडलं, त्यात डिस्क गुंडाळली आणि बसमध्ये ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली. कंडक्टरने विचारलं, "आजी, पिशवी वर ठेवू?" तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे सरकला. दुकानात दोन सीड्या करून घेतल्या. एक देवघरात गेली, एक तांदळाच्या डब्यात.

मग शंभर. पण लगेच खरं काम नाही. एक अख्खा दिवस, वीज जाईपर्यंत, गौरवीने मशीनला नुसती गणितं सोडवायला बसवलं, एकही चुकतं का बघायला. ती कामावर असताना पहाऱ्याला चंद्रावती. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा दर अर्ध्या तासाने कालनिर्णयाच्या मागे लिहायचा. बेचाळीस, सत्तेचाळीस, एक्कावन्न, एक्कावन्न.

"माझ्या तापात इतकी बसली नव्हतीस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही एक्कावन्नला गेला नव्हता."

गुरुवारी सकाळी सातला गौरवीने वत्सलेची फाइल लावली. तिने सुट्टी काढलीच होती. अकराला पडद्यावरची पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली. एकला कोणी नीट जेवलं नाही. मास्तर सहा वेळा पाणी प्यायला आत आले आणि दर वेळी मेजाजवळून गेले. दोन वाजून एकवीस मिनिटांनी पट्टी भरली.

गौरवीने आधी ते साठवलं, त्याची आणखी एक प्रत केली, आणि मगच स्पीकर लावला.

ट्रक गेले होते. आवाज थोडा पातळ झाला होता, डब्यातून आल्यासारखा, पण वत्सलाच. ओळीच्या शेवटी श्वास तुटायची तिची ती खोड. चंद्रावतीने डोळे मिटले आणि सुर्ल्याच्या बायकांची वाट पाहिली.

ओळ संपली. आणि मग काहीच नाही.

पायांचा आवाज होता. एकाच माणसाच्या पायांचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चार पावलं मागे, चार पावलं पुढे. मग पुन्हा वत्सलेची ओळ. पुन्हा रिकामी जागा, तेवढीच लांब. पुन्हा पावलं. मध्ये एकदा तिने हळूच खोकून घेतलं, तेही त्या जागेत, ओळीला धक्का न लावता.

"गाळताना त्या बायकाही गेल्या की काय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही बाबा," गौरवी हळू आवाजात म्हणाली. "बायका असत्या तर थोड्या तरी उरल्या असत्या. पावलं उरलीत ना."

पंचेचाळीस मिनिटं एकटी बाई नाचत होती आणि दर ओळीनंतर एका ओळीची जागा सोडत होती. ती जागा कोणासाठी होती, हे या घरात कोणाला सांगावं लागलं नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पेपरच्या घडीवर ठेवला. "मी न्यायला हवं होतं तुला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. चंद्रावती गौरवीकडे वळली.

"पहिल्यापासून लाव गो," ती म्हणाली.

पहिल्या ओळीला तिला उत्तर आठवलं, पण उशिरा. तोंड उघडेपर्यंत वत्सलेने दुसरी सुरू केली होती. दुसरीला आवाज फुटला नाही. वत्सला होती पंचेचाळीशीची, तिचा स्वर तिथेच राहिला होता, उंच. इकडे ही अडुसष्टची. तिसऱ्या ओळीला चंद्रावती उठली, गौरवीचा हात ओढून तिने आपल्या कमरेमागे घेतला आणि आपला तिच्या कमरेला घातला.

"आई, मला शब्द येत नाहीत."

"पाय आहेत ना? एकटीची रांग होत नाही."

वत्सलेची ओळ संपली. दोघी चार पावलं पुढे गेल्या, आणि या वेळी चंद्रावतीने ओळ वेळेवर उचलली.