बंदरावरची राखण

नीराबाईनं नवऱ्याच्या, मोरूच्या करदोट्याची गाठ आधी नखानं सोडवून बघितली, मग वाकून दातात धरली. गाठ काही सुटेना. काळा दोरा पोटात रुतून बसला होता आणि त्याच्या वरखालचं कातडं ताणून चकचकीत झालं होतं. नवा लांब दोरा तिनं आधीच त्याच्या कमरेला बांधून घेतला होता. बाप्याची कमर घटकाभरसुद्धा मोकळी राहू नये, एवढं ती जपायची.

"इळ्यानं काप ना," मोरू म्हणाला.

"गप ऱ्हावा."

"दोराच हाय तो. त्याला काय दुखतंय व्हय?"

शेवटी तिनं इळाच आणला. दोरा तुटला तसा मोरूनं असा लांब श्वास सोडला, की जणू डोक्यावरचा भारा खाली टाकला. तिनं त्याच्या नडगीवर बोट दाबून बघितलं. खळी पडली आणि पडूनच राहिली. दोघांनीही ती बघितली, आणि दोघांनीही दुसरीकडे तोंड फिरवलं.

पोट फुगणं काही जगात नवीन नाही. पण मोरूचं पोट फुगलं ते नेमकं राखण बांधल्याच्या साली, आणि सगळं बिनसलं ते तिथंच.

आगबोट मुरुडला थांबायची, ती काही या खाडीत शिरायची नाही. मुंबईला गिरणीत, गोदीत असलेली गावची पोरं घरी काही धाडायची ते गुणाजी तांडेलाच्या शिडाच्या मचव्यानं. लुगडं म्हणा, कंदील म्हणा, तंबाखू म्हणा, पोत्यात घालून तोंड शिवायचं, वर आपल्या घराची खूण डांबरानं काढायची आणि गुणाजीच्या हवाली करायचं. गुणाजी भरतीच्या पाण्यावर आत यायचा आणि त्याच पाण्यावर त्याला परत फिरायला लागायचं, नाहीतर मचवा चिखलात बसायचा. म्हणून तो बोचकी बंदरावरच्या खोपीत उतरवायचा, शंख फुंकायचा आणि निघायचा. बंदराजवळचं घर शेजारच्या घराला हाळी द्यायचं, "मचवा आलाऽऽ", ते घर पुढच्याला. अशी हाळी चढत चढत वरच्या आळीपर्यंत जायची. मोरूचं घर अगदी शेवटचं, भातखाचरांच्या वर. त्याला हाळी यायची खालच्या घरातल्या आवडाबाईकडून.

पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. मग मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला त्या साली कुणाची तरी नियत फिरली. आवडाबाईच्या लेकीचं, केसरचं लग्नाचं जांभळं लुगडं गेलं. पोतं जागेवर, शिवण जागेवर, आत नुसता पेंढा. मग कुणाच्या कंदिलाची काच, कुणाची तंबाखू. लोकांनी काथ्यानं दुहेरी शिवण घालायला सांगितलं, तर पोतं खालनं उसवायला लागलं. आळीपाळीनं राखायला बसले, तर भरतीला काय काळवेळ असतो? शेतातली कामं टाकून बसायचं तरी किती! आणि बसणाऱ्यावर न बसणारा संशय घ्यायचा तो वेगळाच.

अखेरीला बाळाजी गुरवानं राखण बांधली. आंब्याफणसाच्या झाडाला बांधतात तशीच. काळ्या फडक्यात तांदूळ, बिबा, कोळसा आणि आणखी काय ते त्याचं त्याला ठाऊक. पुरचुंडी त्यानं खोपीच्या आढ्याला लटकवली आणि सगळ्या गावासमोर गाऱ्हाणं घातलं, की जो कोणी दुसऱ्याच्या बोचक्याला हात लावील, त्याचं पोट फुगो. मोरू त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं हात जोडून उभा होता. त्याचाच आवाज मोठा होता "व्हय महाराजा" म्हणताना.

चोरी थांबली. माणूस परगावी गेला तर त्याचं बोचकं दोन-दोन खेपा तिथंच पडून राहायचं, कुणी त्याच्याकडं बघायचं पण नाही.

आणि पाऊस सरता सरता मोरूचं पोट वर यायला लागलं.

सुरवातीला चेष्टा झाली. "मोरूदादा, कितवा म्हयना?" असं म्हणून पोरं हसायची. "बारसं तुमच्याच घरी करायचं हाय," असं म्हणून मोरू पण हसायचा. पण मग पायांना सूज चढली आणि चेष्टा बंद झाली. नीराबाई विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं तुटायचं. कापणीला एकमेकांकडं जायची रीत, पण यंदा मोरूच्या खाचरात कुणी आलं नाही. ज्याला त्याला काही ना काही काम निघालं. तोंडावर कुणी काही बोललं असतं तर मोरू भांडला तरी असता. पण बोललंच नाही कुणी. कुणाशी भांडणार?

पोरगा सदा मुंबईला. गुणाजीनं त्याच्या कानावर घातलं, तर त्यानं उलट निरोप धाडला, की बाबाला इकडं घेऊन या. पण ज्याला ओटीची पायरी उतरवत नव्हती तो होडीत कसा चढणार? मग दुसरा निरोप आला. सदानं तिथल्या डाक्टरला सगळं सांगितलंय, औषध बाटल्यांत घालून पुढच्या खेपेला धाडतोय, पत्र्याच्या डब्यात, पेंढा घालून. ते घेतलं की लघवी मोकळी होईल आणि सूज ओसरेल.

पण पुढची खेप कधी, ते वारा ठरवणार. आणि इकडं दोरा पुरेना.

विहिरीवर आवडाबाईनंच एकदा विषय काढला, तोही मायेनंच. नीरावैनी, कबूल झालं की सुटतो म्हणतात, बाळाजीला विचार तरी. नीराबाई गेली. बाळाजी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, मी बांधली खरी, पण ती कुणाला लागली ते देवाला ठाऊक. कबूल झाला तर मी उतरवीन. ती गाठ वर आहे तोवर पोट उतरायचं नाही. मात्र एकदा उतरवली, की पुन्हा बांधायची ती अवसेलाच.

घरी येऊन तिनं चूल पेटवली आणि चुलीकडं तोंड करूनच सगळं सांगितलं.

मोरू म्हणाला, "मी काय चोरलं गं?"

"मी कुठं म्हनते चोरलं म्हनून?"

"मग?"

"नसलं चोरलं तरी म्हना. म्हनायला काय जातंय? गाठ तर सुटंल."

"लोकांचं सोड. तुला काय वाटतं?"

चूल चांगली धडधडून पेटली होती. तरी नीराबाईनं आणखी एक लाकूड आत सारलं. मोरू त्या लाकडाकडं बघत राहिला.

"नारळ हाय का घरात?" तो म्हणाला.

देवळापर्यंत त्याला दोघांनी धरून नेलं. सगळं गाव जमलं होतं. मोरूनं नारळ दोन्ही हातांत धरला आणि खाली मान घालून म्हणाला, की मी हात लावला. बाळाजीनं रीतीप्रमाणं विचारलं, काय उचललंस? मोरू घुटमळला. इकडंतिकडं बघितलं, जसं कुणी सांगेल म्हणून.

"लुगडं," तो म्हणाला.

"कंचं?"

"हिरवं."

गर्दीत केसर होती. तिनं तोंड उघडलं, तर आवडाबाईनं तिचा हात दाबला. जांभळं लुगडं गेल्याचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं, रंग एका मोरूच्याच ध्यानात नव्हता. पण सगळ्यांनाच एकदाचं मिटवायचं होतं. कुणी जमिनीकडं बघितलं, कुणी देवाकडं. नीराबाईनं पुढं पाऊल टाकलं, पण तेवढ्यात नारळ फुटला.

बाळाजीनं राखण उतरवून खाडीत सोडली. पोट काही उतरलं नाही. नीराबाई रोज बोट दाबून बघायची. यानं लुगडं बघितलंसुद्धा नाही, हे तिला हिरव्यावरनंच कळलं होतं, पण ती मोरूशी काही बोलली नाही. आधी बरा होऊ दे, मग बोलू, असं तिनं ठरवलं होतं.

एका सकाळी ती शेणी थापत होती. तेवढ्यात खालच्या पायवाटेनं आवडाबाई डोक्यावर बोचकं घेऊन चालली होती. बोचक्यावर ओली वाळू.

"मचवा आला व्हता?" नीराबाईनं विचारलं.

"काल भरतीला."

"हाळी न्हाय आली."

आवडाबाईनं डोक्यावरचं बोचकं उगाच सारखं केलं. "दिली व्हती की. वाऱ्यानं न्हाय ऐकू गेली असंल."

काल वाराच नव्हता. पण नीराबाई भांडायला थांबली नाही. शेणाचे हात तसेच घेऊन ती खाचरांच्या बांधावरून धावत सुटली.

खोपीत सदाचं पोतं होतं. सदाची खूण म्हणजे डांबरानं काढलेला इळा, तो पोत्यावर तसाच. पण पोतं खालनं उसवलेलं. पेंढा इकडंतिकडं. पत्र्याचा डबा नव्हता. बाटल्या पण नव्हत्या. चांगली बुचाची बाटली रॉकेलला कामाला येते, ती कोण टाकतो? आतलं तेवढं ओतून दिलं होतं. वाळूवर एक तांबूस ओला डाग पसरला होता आणि त्याला कडवट वास येत होता.

बाळाजी होता तिथं, आणखी दोघंतिघं होती. आपली बोचकी न्यायला आलेली, पण ती उचलायची विसरून उभी होती. बाळाजीची नजर आढ्याकडं गेली, जिथं आधी पुरचुंडी लटकायची तिकडं. मग नीराबाईकडं.

"वैनी..." तो म्हणाला.

नीराबाईनं विचारलं नाही, कुणी नेलं म्हणून. ती खाली बसली. ओल्या वाळूत बोटं घातली, हुंगली. मग वरची वरची ओली वाळू ओंजळीत घेऊन पदरात टाकली आणि पदराला गाठ मारली. ती माणसं बघत राहिली. कुणी तिला थांबवलं नाही.

येताना ती हळू आली. मोरू ओटीवर खांबाला टेकून बसला होता.

"आलं?"

"आलं व्हतं. कुनी डबा नेला, बाटल्या नेल्या. औषध वाळूत वतलं."

मोरूचे ओठ हलले, जसा काही हिशेब जुळवतोय.

"वर राखण नव्हती."

"न्हाय."

"आन मी तर हितं. मला उठवतसुदीक न्हाय."

"व्हय."

"कुनी कुनी बघितलं?"

"बाळाजी व्हता. आनखी व्हती मानसं."

मोरूचा चेहरा सैल झाला, करदोटा कापला त्या दिवशी झाला होता तसा. तो हातांवर जोर देऊन सरळ बसायला लागला. जमेना, तर तिनं खांद्याखाली हात घातला.

"माझं मुंडासं दे," तो म्हणाला. "लाल."

लाल मुंडासं तो लग्नाकार्यालाच बांधायचा. तिनं खुंटीवरून काढून, झटकून त्याच्या डोक्याला बांधलं. वाटेकडं तोंड करून तो बसला. खाली आंब्याजवळून माणसं वर येताना दिसत होती. पुढं बाळाजी, मागं आवडाबाई, तिच्या हातात सुपात काहीतरी झाकलेलं.

"आता तुला बी कळलं न्हवं?" मोरूनं तिच्याकडं न बघता विचारलं.

नीराबाई बोलणार होती. हिरव्याचं सांगणार होती. पण माणसं अंगणात आली होती.

"या, या, बसा," मोरू म्हणाला. त्याचा आवाज पूर्वीसारखा मोठा निघाला. "आवडावैनी, हाळी जरा जोरानं देत जा गं. आमचं घर लांब हाय."

कुणीतरी हसलं, जरा घाईनंच. मग मोरू पण हसला.

नीराबाई आत गेली. चुलीपाशी बसून तिनं पदराची गाठ सोडली. वाळू तांब्यात टाकली, वर फुलपात्रभर पाणी ओतलं, बोटानं ढवळलं, आणि ते निवळायची वाट बघत बसली.