सुकाणू पुढच्या रविवारी

मैत्रिणीने होडी घेतली की शहाण्या माणसाने पाठदुखीचं निमित्त काढून घरी बसावं. मी बसले नाही. उलट हौसेने मोठ्या काठाची टोपी विकत आणली, आणि ती पहिल्याच रविवारी वाऱ्याने नेली.

मैत्रीण म्हणजे आमची मास्तरीण. जन्मभर मुलांना भूमिती शिकवली, निवृत्त झाली, आणि घरात हुकूम सोडायला माणसं पुरेनात म्हणून एक जुनी शिडाची होडी घेतली. होडीत आम्ही तिघं. सुकाणूवर मास्तरीण, दोरांवर मी, आणि तिचा नवरा, म्हणजे भावोजी, मिळेल त्या जागी. भावोजी दातांचे डॉक्टर. होडी कलायला लागली की ते दवाखान्यातल्या मऊ आवाजात म्हणतात, "काही नाही, काही नाही, कळणारसुद्धा नाही." तो आवाज ऐकला की माझी दाढ ठणकायला लागते.

पहिल्या दिवशी मी डोलकाठीला मिठी मारून बसले होते. मास्तरीण ओरडत होती, "दोर ओढ!" मी विचारत होते, "कुठला?" दोर तीन होते. एक मोठ्या शिडाचा, एक पुढच्या छोट्या शिडाचा, आणि एक मोठं शीड वर चढवायचा न् खाली उतरवायचा. तिन्ही पांढरे, तिन्ही एकाच ढिगात. मी हाताला लागेल तो ओढायची आणि मास्तरीण कपाळावर हात मारून घ्यायची. तेवढ्या वेळात सुकाणू मोकळं सुटायचं, त्याचं कुणाला काही नाही.

मग तिच्याच डोक्यातून निघालं की दोर रंगवायचे. आमची लाँड्री आहे, रंगकामासकट. मी छाती ठोकून सांगितलं की माझ्या हातचा रंग जात नाही. मोठ्या शिडाचा लाल, छोट्याचा निळा, उतरवायचा हिरवा. तेव्हापासून होडीवर दुसरी भाषा उरली नाही. "लाल ओढ! निळा सोड! निळा म्हटलं मी, निळा!" किनाऱ्यावरचे लोक आमची मजा बघायला थांबायचे.

पण खरं सांगायचं तर मला गोडी लागली. मानेवर वारा कुठून लागतो ते मला कळायला लागलं. शीड फडफडायच्या आत माझा हात दोराकडे जायला लागला. होडी कलली की मी आपोआप दुसऱ्या बाजूला सरकायची. दुकानात कपड्यांचे गठ्ठेसुद्धा मी होडीवरच्या गाठीने बांधायला लागले, तेव्हा आमचे हे वैतागले. "गिऱ्हाइकं घरून कात्री घेऊन येतात आता," म्हणाले.

आणि मला एक गोष्ट हवीशी झाली. एकदा, फक्त एकदा, होडी माझ्या हाताने धक्क्याला लावायची. दुकानाच्या पाटीवर नाव सासऱ्यांचं, गल्ल्यावर बसायचे आमचे हे. आयुष्यभर मी दुसऱ्याने सांगितलेलं ओढलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं सोडलं. हे एक काम मला स्वतःचं पाहिजे होतं. मी मास्तरणीला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय, पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी वारा फार होता. त्याच्या पुढच्या रविवारी वाराच नव्हता. एकदा धक्क्यावर गर्दी होती, एकदा तिचं मनगट दुखत होतं. मनगट दुखत असताना सुकाणू स्वतःच का धरायचं, हे मी विचारलं तर म्हणाली, "तुला नाही कळायचं." एकदा दिलं. खुल्या पाण्यात, जिथे आपटायला काही नाही तिथे, आणि वर माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून. लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तशी मी बसले होते. माझा नुसता तिळपापड झाला. भावोजी म्हणाले, "काही नाही, काही नाही."

असा सगळा उन्हाळा गेला. पावसाळा आला की होड्या पाण्याबाहेर काढून झाकून ठेवतात. शेवटच्या रविवारी मी होडीत पाय ठेवायच्या आधीच विचारलं, "आज देणार की नाही?"

"बघू," मास्तरीण म्हणाली.

"बघू नाही. हो की नाही ते सांग."

"अगं, आधी निघू तर दे."

आम्ही निघालो. दिवसभर मी तोंड फुगवून दोर ओढले. परत फिरलो तेव्हा वारा वाढला होता आणि धक्का जवळ येत होता. मी मागे वळून हात पुढे केला. मास्तरणीने माझ्याकडे न बघता फर्मावलं, "लाल सोडा, वेग कमी होऊ दे!"

आता लाल म्हणजे कुठला? माझा न जाणारा रंग उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने केव्हाच गेला होता. तिन्ही दोर जुन्या फडक्यासारखे भुरकट झाले होते. मी त्याबद्दल ब्र काढला नव्हता, कारण फजिती माझीच होती आणि माझ्या हातांना दोर न बघता कळत होते. पण भावोजींच्या हातांना कळत नव्हते. तो आख्खा उन्हाळा काही न केलेला माणूस नेमका त्या क्षणी मदतीला धावला. त्यांनी एक दोर सोडला. तो नेमका शीड उतरवायचा निघाला.

मोठं शीड धाडकन खाली आलं आणि मास्तरणीच्या डोक्यावर पसरलं. शिडाखालचा आडवा दांडा बाजूला पाण्यावर झुकलेला होता म्हणून निभावलं. आतून तिचा आवाज येत होता, "कुणी केलं हे? कुणी केलं?" कापड बाजूला सारायला तिने दोन्ही हात वर केले, आणि सुकाणू सुटलं. छोटं शीड भरलेलंच होतं, होडी धक्क्याकडे निघाली होती. मी उडी मारून सुकाणू धरलं.

मास्तरीण शिडाखालून रांगत बाहेर आली ती थेट माझ्या जागेवर, दोरांच्या ढिगाजवळ. केस विस्कटलेले, चष्मा हातात.

"छोटं शीड सोड," मी म्हटलं.

तिने ढिगाकडे बघितलं. "कुठला?"

"गुडघ्याखालचा! अगं, तुझ्या गुडघ्याखालचा! विचारत काय बसलीस, सोड!"

तो माझा आवाज होता. धक्का अंगावर येत होता आणि मी ओरडल्याशिवाय राहूच शकत नव्हते. तिने दोर सोडला. छोटं शीड फडफडलं, होडीचा जोर कमी झाला. मी सुकाणू दाबलं, थोडं जास्तच दाबलं, आणि आम्ही धक्क्याला लावलेल्या टायरांवर दणकन जाऊन आदळलो. भावोजी फराळाच्या डब्यासकट आडवे झाले. पण लागलो. मी होडी बांधायचा दोर खांबाला गुंडाळला आणि आहे तिथेच खाली बसले.

मग मास्तरणीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"घाबरलीस?" तिने विचारलं.

"मेले होते मी," मी म्हटलं.

"मला दर रविवारी असंच होतं." ती दोर गोळा करत होती, वर बघत नव्हती. "सुकाणू माझ्या हातात असलं तर निदान हातांना काहीतरी काम असतं. तुझ्या जागेवर नुसतं बसून मला धक्का जवळ येताना बघवत नाही. म्हणून नाही दिलं तुला. बाकी वारा, मनगट, सगळं खोटं."

माझा पारा पुन्हा चढला. आख्खा उन्हाळा मी तिचं ऐकून घेतलं, घरी जाऊन ह्यांच्यावर राग काढला, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिच्याशी भांडले, आणि ही बाई माझ्याइतकीच घाबरट निघाली.

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं तुला?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली. "मग तू बसली असतीस माझ्या होडीत?"

खोटं कशाला बोलू, नसते बसले.