उमरचा दात आणि उदयसिंहचा घोट

तालमी-तालमींमधला फुटबॉलचा सामना दोन-एकनं संपला, उमरच्या तालमीच्या संघानं जिंकला, आणि तोवर सगळं शांततेत चाललं होतं. म्हणजे रेफरी सोडून कोणाला काही लागलं नव्हतं.

मग मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढं उमर, हातात ट्रंपेट. त्याच्या बापाचा, लालासाबचा, ब्रास बँड. लग्नसराई सुरू होत होती आणि अख्ख्या बँडचा सूर उमरच्या पुढच्या चार दातांवर उभा होता. ट्रंपेट ओठांनी वाजतं हे खरं, पण ओठ टेकायला मागं दात लागतात.

मिरवणूक दूध कट्ट्यापाशी आली. तिथं संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. गिऱ्हाइकानं तो एका दमात रिकामा करायचा. मध्ये श्वास घेणारा परगावचा पावणा समजला जातो. हरलेली तालीम तिथंच दुधाबरोबर दुःख गिळत उभी होती. त्यात मधोमध उदयसिंह, म्हशीच्या शेजारी म्हशीला लाजवणारा पैलवान.

उमरनं सरळ पुढं जायला पाहिजे होतं. तो थांबला. उदयसिंहच्या डोळ्यांत बघत त्यानं नवरी सासरी निघताना वाजवतात ती रडकी धून लावली.

"बंद कर," उदयसिंह म्हणाला.

उमरनं सूर आणखी वर चढवला.

उदयसिंहनं ग्लास संपवला, जागेवर ठेवला, मिशी पुसली आणि ट्रंपेटच्या कर्ण्यावर तळहाताचा दणका हाणला. पितळ उमरच्या तोंडात घुसलं. धून जिथं होती तिथंच तुटली.

मग दोन्ही तालमी एकमेकांवर तुटून पडल्या. कोणी किटली फेकली, कोणी बाकडं. एकाचं डोकं ढोलात गेलं आणि ढोलवाला सवयीनं टिपरू हाणत राहिला. उमर मात्र म्हशीखाली रांगत होता. जिभेला पुढं मोकळी जागा लागली होती आणि हनुवटीवरनं रक्त टपटपत होतं. कोणाची तरी चप्पल बोटांवर पडली, बरगडीत लाथ बसली, म्हशीनं शेपूट तोंडावर फिरवलं. तो शेण चाचपत राहिला. दात सापडला. पुरा, मुळासकट.

"कौलावर टाक! नवा येतोय!" कोणीतरी ओरडलं.

"चोवीस वर्साचा हाय त्यो, नवा कुठनं येतोय? राखुंडीनं घास आन् ठेव."

"घासायचं न्हाय!" ही गर्जना आण्णांची. म्हशी त्यांच्या, आणि सून अनुजा दातांची डॉक्टर. कट्ट्यावर दोन्ही तालमींना उधार फक्त आण्णा देत, म्हणून दोन्ही तालमी त्यांना ऐकत. त्यांनी फोन लावून आवाज मोठा केला. "अनुजा, पुढचा दात पडलाय. शेणात. बोल."

"मामा, पांढऱ्या बाजूनं धरा, मुळाला हात लावू नका. पाण्याखाली नुसता विसळा, घासू नका. जमलं तर लगेच खाचेत बसवा. नाहीतर दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत घेऊन या. कोरडा ठेवला तर मेला."

उमरला स्वतः बसवायला धीर होईना. आण्णांनी दात विसळला, ग्लासात टाकला आणि त्यावर ताजी धार काढली. मग ग्लास उदयसिंहच्या हातात दिला.

"तूच पाडलास, तूच धर."

न्यायाच्या दृष्टीनं हे बरोबर होतं. पण उदयसिंह लहानपणापासून रोज या कट्ट्यावर उभा राहत आला होता, हात मारामारीनं तापला होता आणि हातात फेसाळ ग्लास होता. डोकं कामाला लागायच्या आत कोपर वर गेलं.

ग्लास रिकामा झाला.

"आरं..." आण्णा म्हणाले.

उदयसिंहचे डोळे बाहेर आले. त्याचा हात गळ्याकडं गेला. आवाज बंद, चेहरा जांभळा.

उमरला आपली लग्नसराई पैलवानाच्या नरड्यात अडकलेली दिसली. तो धावला आणि दोन खांद्यांच्या मध्ये बुक्की हाणली. मग दोन्ही तालमी आल्या. वर्षानुवर्षं एकमेकांची डोकी फोडणारे हात पहिल्यांदा एका पाठीवर पडले. वाकवून, धरून, मन लावून.

"पाठीत हाणायचं असतंय! तोंडावर कोण हाणतोय?"

"मी. किटलीनं."

"तू त्याच्याच तालमीचा न्हवं?"

"व्हय की. पण परत कवा असा वाकतोय?"

सातव्या-आठव्या दणक्याला उदयसिंह खोकला आणि दात आण्णांनी पुढं धरलेल्या टोपीत पडला.

"मामा!" फोन ओरडत होता. "आता ग्लास नको! दुधानं विसळा आणि बसवा. आत्ता!"

या वेळी उमरनं कोणाच्या हातात दिला नाही. पांढरी बाजू चिमटीत धरली, रिकाम्या खाचेत मूळ टेकवलं आणि दाबलं. त्याची किंकाळी ट्रंपेटपेक्षा वर गेली. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाची म्हैस दावं तोडून पळाली. मग त्यानं रुमाल दातांत आवळला, दोन वैऱ्यांच्या मध्ये मोटारसायकलवर बसला आणि दवाखान्यात पोहोचला.

अनुजानं दात तपासला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. "सरळ बसलाय. धरेल बहुतेक. दोन आठवडे तार, आणि मी सांगेपर्यंत ट्रंपेट नाही." उमरच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नसराईची सुरुवात बुडाली होती, पण सगळी नव्हे.

दारात उदयसिंह उभा होता, त्याच्यामागं आण्णा. ओठ भोपळ्याएवढा. त्यानं मूठ उघडली. आत त्याचेच दोन दात, सुकलेले, तंबाखूच्या भुकटीत लोळलेले.

"कधी पडले?"

"तवाच. किटलीनं."

"अहो, तास होऊन गेला! फोनवर मी एवढी ओरडत होते. दुधात का नाही ठेवले?"

उदयसिंहनं आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी छताकडं पाहिलं.

"मागितलं की," तो खाली मान घालून म्हणाला. "कट्ट्यावर कुनी मला ग्लासच देईना."