डाव्या हाताला हलका, उजव्याला जड

श्रुतिकाच्या नव्या सायकलची फ्रेम तीन आठवडे दहिसरच्या घरात खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर ग्रुपसेट कुठला बसवायचा यावर बोरीवलीच्या अख्ख्या सायकल ग्रुपने मत देऊन झालं होतं. ग्रुपसेट म्हणजे गिअर, ब्रेक, चेन आणि हँडलवरची बटणं, सगळं एकत्र. एकदा बसवला की पुढची दहा वर्षं त्याच्याशी संसार.

शेवटी बॅटरीवर चालणारे दोन उरले, एक जपानी आणि एक अमेरिकन. ग्रुपचा स्वयंघोषित प्राध्यापक धवल याने दोन्हींचा तक्ता करून पाठवला. वजन ग्रॅममध्ये, बॅटरी तासांमध्ये आणि खाली ठळक अक्षरांत निकाल: जपानी.

"पोल घेतला ना आपण," तो फोनवर म्हणाला. "एकशेबारा विरुद्ध नऊ! अजून काय पाहिजे तुला, यार?"

ही माणसं साध्या चपलासुद्धा पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाहीत, पण दुसऱ्याची सायकल पोल घेऊन ठरवतात. श्रुतिकाला मात्र ते पटत चाललं होतं. एवढी माणसं चुकतील कशी?

तिची भीती वेगळीच होती. गेल्या वर्षी ती दोनशे किलोमीटरच्या राइडला उतरली होती. बोरीवलीहून कसारा आणि परत, मुदत साडेतेरा तासांची. परतताना घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ लागला तेव्हा बोटं बधिर झाली होती. हलका गिअर हवा होता, बोट पडलं शेजारच्या बटणावर, गिअर झाला जड, चेन उतरली आणि चेनबरोबर तीही. चार मिनिटं उशीर झाला. वेळेत पोचलेल्यांच्या यादीत नाव लागलं नाही. 'चार मिनिटं' हे शब्द त्यानंतर घरात कुणी उच्चारत नसे. यंदा तिला तो चढ न थांबता चढून वेळेत पोचायचं होतं, नाहीतर सायकल विकून टाकायची असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तिचे बाबा दत्ताराम कॉटवर बसून हे सगळं ऐकत होते. गिरणी बंद पडेपर्यंत सव्वीस वर्षं त्यांनी माग चालवले होते. सायकलीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण यंत्र आणि हात यांच्यातलं भांडण ते चांगलं ओळखत.

"दोनय चालवून बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितले ना. दुकानात. दोन्ही झकास."

"खयच्या येळेक?"

"सकाळी."

"मगे काय बघितलंस!" बाबा उसळले. "आमच्याकडे नवो माग इलो की जॉबर, आमचो मुकादम, आमका पाळी संपताना त्येच्यावर उभो करी. ताज्या हातान कोणय चालवता, गो. दमलेलो हात काय करता, ता बघूचा."

दिवसभर पेशंटचे हात-पाय तपासणारी फिजिओथेरपिस्ट श्रुतिका, आणि स्वतःचे हात तपासायचं तिला सुचलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्या रविवारी तिने धवलची जपानी गिअरांची सायकल मागून आणली आणि मैत्रीण मृणालिनीची अमेरिकन. आधी नव्वद किलोमीटर तंगडतोड केली, मग घरी येऊन धवलची सायकल गॅलरीत स्टँडवर चढवली. हातात मोजे, डोळे मिटलेले. प्रत्येक चुकीला एक रेघ ओढायला बाबा खडू घेऊन भिंतीशी बसले.

"हलको! जड! जड! हलको!"

जपानीला दोन्ही बटणं उजव्या हाताला, एकाला एक लागून. चाळीस हुकमांत अकरा चुका. दुकानात सकाळी ताज्या हातांनी एकही झाली नव्हती. सेटात खोट काहीच नव्हती, तिची दमलेली बोटंच शेजाऱ्यांत गल्लत करत होती. मग अमेरिकन. डावा हात दाबला की हलका, उजवा दाबला की जड. आता ती आणखी दमली होती. चाळीस हुकूम झाले. भिंतीवर खडूची एकही नवी रेघ नव्हती.

"बाबा, खोटं नाही ना बोलत?"

"माका काय अमेरिकन कंपनी पगार देता?"

तिने त्याच दिवशी अमेरिकन सेट मागवला. धवलने कपाळावर हात मारला. "एका माणसाचं ऐकून एकशेबारा मतं फेकलीस?"

"माणसाचं नाही रे. बोटांचं ऐकलं."

डिसेंबरात पहाटे सहाला नॅशनल पार्कच्या गेटपाशी सगळे जमले. बाबा नारळ घेऊन हजर, आणि त्यांनी सगळ्यांसमोर देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरू दोनशे किलोमीटर जाताहा. वाटेत काय आडवा इला तर ता दूर कर आणि त्येका येळेत माघारी पोचव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांचा होकार लागतो. वेळ नोंदवायला थांबलेला धवल हातात घड्याळ घेऊन बघत होता. श्रुतिका कानापर्यंत लाल झाली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "होय म्हाराजा."

संध्याकाळी गायमुख आलं. बोटं पुन्हा बधिर, खांदे भरलेले, मागून ट्रकचा हॉर्न. गेल्या वर्षी चेन उतरली ती जागा तिला दिसली. डावा हात आपसूक दाबला गेला, पाय हलके झाले. पुन्हा डावा. ती जागा मागे पडली, चढ संपला आणि तिला मोठ्याने हसू आलं. पुढे उतारावर उजवा, उजवा, उजवा. दहिसर चेकनाका तिने वाऱ्यासारखा मागे टाकला.

गेटपाशी धवलने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. "तेरा तास नऊ मिनिटं," तो म्हणाला आणि यादीत तिचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. "एकवीस मिनिटं हातात ठेवून आलीस! मानलं बाई तुला. आणि बाबांना."

बाबा पुढे झाले. "गिअर चुकलो खय?"

श्रुतिका आठवू लागली. दोनशे किलोमीटरमध्ये गिअरचा विचार आपण एकदाही केला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"नाही, बाबा. एकदाही नाही."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू येळेत इला—"

"होय म्हाराजा!" श्रुतिका ओरडली, एवढ्या जोरात की हायवेवरचे रिक्षावाले वळून बघू लागले.