सगुणाचा केसपेपर

मित्रांनो, मी एक जुना केसपेपर आहे. पिवळा पडलोय, अक्षर मात्र शाबूत आहे.

पेणच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. छातीत साधी गाठ, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, असलेल्या बायकांचा अभ्यास तेव्हा तिथल्याच एका दवाखान्यात चालू होता. त्यांतल्या कुणाला पुढे कॅन्सर होतो आणि का, हे शोधायचं होतं. पाळी कधी आली, मुलं किती, आईला किंवा मावशीला हा आजार होता का, असले प्रश्न माझ्या अंगावर छापलेले.

माझ्या वाट्याला सगुणा आली. मिठागरात राबणारी, तिशीची, लग्न व्हायचं होतं. आई याच आजाराने गेलेली. "साधी गाठ आहे, घाबरू नकोस," डॉक्टर म्हणाले. ती हसत गेली ती गेलीच. सविस्तर रिपोर्ट मागाहून आला. गाठ साधीच, पण काही पेशींची वाढ वेगळी. माझ्यावर लाल शाईने लिहिलं, 'धोका जास्त. दर सहा महिन्यांनी तपासणी.' तेव्हा माझा काय मान होता! अभ्यासाला असाच कागद हवा होता म्हणे.

सगुणा आली नाही. फोन बंद. अभ्यासाचं काम करणाऱ्या आरोग्यसेविका रोहिणीताई मला पिशवीत घालून तिच्या गावी गेल्या. घराला कुलूप. "तिचं लगीन झालं, रोह्याजवळ निडी गावात दिली तिला," शेजारीण म्हणाली. निडीत दारोदार विचारलं. इंदुबाई नावाच्या म्हातारीने पाणी दिलं आणि सांगितलं, "सगुणा? नाय गो, अशी कुणी नाय हितं." शेरा पडला, 'पत्ता लागत नाही.' मग सात वर्षं कपाट. आधी वाईट वाटायचं, मग काहीच वाटेनासं झालं.

मध्यंतरी रोह्याच्या तपासणी शिबिरात मृणाली नावाची बाई आली. गाठ लिंबाएवढी. इतके दिवस का थांबलात, असं ताईंनी विचारलं.

"साधीच हाय ना ती! पेणला डॉक्टरांनीच सांगितलं व्हतं."

अभ्यासाच्या जुन्या यादीत मृणाली नव्हती. ताईंनी लग्नाआधीचं नाव विचारलं, तेव्हा उलगडा झाला. निडीची ही सून म्हणजेच सगुणा. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं होतं. जुनं नाव सासरी कुणी घेतलंच नव्हतं.

ताईंनी मला पेणच्या कपाटातून काढून आणलं आणि तिच्यापुढे धरलं. लाल अक्षरांवर बोट ठेवून तिने सावकाश वाचलं.

"म्हंजे मला बोलावलं व्हतं?"

ताई रडल्या. ती रडली नाही. मीही नाही. आता मुंबईला तिचे कॅन्सरचे उपचार चालू आहेत.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मला जपलंच होतं. तुम्ही आज घरी जाऊन आईला, काकीला, मामीला विचारा, लग्नाआधी तुझं नाव काय होतं? आणि त्या नावाने तुला कुणी परत बोलावलं होतं का?