शेपटातली बंदूक

अलास्कात तीस वर्षं विमान उडवणाऱ्या वर्नाने सकाळी सीटखाली हात घातला, तर तिची घडीची एकबारी बंदूक तिथे नव्हतीच. कंपनीचा नवा मॅनेजर कोल्टन याने त्या बंदुकीऐवजी दहा गोळ्यांची लांबलचक रायफल आणली होती, आणि ती सीटखाली मावेना म्हणून विमानाच्या शेपटात, सामानाबरोबर बांधून टाकली होती.

वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाला विचारून हात लावलास रे?"

"वर्नाबाई, एका गोळीच्या त्या खेळण्याने काय होतंय? इथे अस्वलं आहेत, अस्वलं!"

"अस्वलाशी कुस्ती कुणाला खेळायचीय? माझं विमान पडलं तेव्हा त्याच खेळण्याने मला नऊ दिवस ससे खाऊ घातले. एकच गोळी असली की माणूस नीट नेम धरतो, उगाच बार उडवत बसत नाही. आणि दीड किलोचं ते, घडी घालून छातीशी बांधता येतं!"

"मग ही रायफलसुद्धा आहेच की विमानात!"

"बरं. बस आत, लाव पट्टा. आता समज विमान पडलंय, इंजिनाने पेट घेतलाय. मी दहा मोजते, निघ बाहेर. एक, दोन..."

पट्ट्याशी झटापट करत कोल्टनने सातव्या आकड्याला बर्फावर धपकन उडी मारली आणि शर्यत जिंकल्यासारखा हसला. वर्ना मोजायची थांबली नाही.

"दहा. जळालं विमान." त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत ती म्हणाली, "चल, आता मला जेवायला घाल."