एकादशीची गोळी

माझी सून मंजुळा त्या वर्षी मौनात गेली. पाणी भरी, स्वयंपाक करी. परंतु मुखावर चैतन्य उरले नव्हते. माझ्या पत्नीला, पद्माबाईंना, ते सोंग वाटे.

"काहून बसून राहिली गं अशी? ताटातलं तरी गीळ."

"भूक न्हाई, आत्याबाई."

१९७७ साली आम्ही दोघांनी तिला नरसीहून शहरातील इस्पितळात नेले. तेथील तरुण डॉक्टर म्हणाले, शरीरात कॉर्टिसॉल नावाचा एक स्राव असतो. रात्री एक गोळी घेतली, की निरोगी माणसात तो दुसऱ्या दिवशी दबतो. पुष्कळ खिन्न रुग्णांत दबत नाही. त्यांनी गोळी दिली. आम्ही धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी रक्त घेतले.

"दबलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजारच आहे."

पद्माबाई तेथेच रडल्या. घरी आल्यावर त्या सुनेची वेणी घालू लागल्या, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध स्वहस्ते देऊ लागल्या, पहिली भाकरी तिला वाढू लागल्या. तिसऱ्या महिन्यात मंजुळेने आपण होऊन ताक मागितले.

त्याच आठवड्यात प्रवासातील देवांच्या पेटीत, बाळकृष्णाच्या आसनाखाली, मला ती गोळी सापडली.

"त्या दिशी एकादस होती, मामंजी," मंजुळा म्हणाली. "एकादशीला तोंडात काही घालायचं न्हाई, हा आत्याबाईंचा नेम. तो मोडला असता."

औषधाने व्रतभंग होत नाही, हे शास्त्रवचन मी चाळीस वर्षे शिष्यांना शिकवले. घरातील स्त्रियांना ते कधी सांगितले नाही.

गोळी पोटात गेलीच नव्हती, तर स्राव दबणार कसा? असत्याच्या आधारावर घर चालू नये, म्हणून मी डॉक्टरांना पत्र लिहिले. परीक्षा पुन्हा झाली. या वेळी गोळी मी समोर बसून घ्यायला लावली. स्राव दबला.

"याचा अर्थ आजार नाही असा नव्हे," डॉक्टर सांगत होते. "काही रुग्णांत तो आधीपासूनच दबतो, काहींत बरं वाटू लागल्यावर."

पद्माबाई तोवर उठल्या होत्या.

"म्हंजे रक्त बराबर हाय. अन् मी तीन महिने हिची वेणी घालून राहिले."

मंजुळेने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत रोष असता, तर मी तो प्रसाद मानला असता.

आता औषधाची बाटली फळीवर धूळ खाते. सासऱ्याने विचारण्याची रीत नाही, तरी मी रोज विचारतो, "जेवलीस का, बाळ?"

"व्हय, मामंजी," ती म्हणते.

तिचे ताट मोरीजवळ उपडे असते, कोरडे.